ऋषीची भाजी कुणाची

ऋषिपंचमीच्या सकाळी, बाकीची माणसं हॉलमध्ये चहा पीत बसलेली असताना, अनुपमाने जान्हवीच्या भाजीने भरलेल्या सगळ्या कापडी पिशव्या मागच्या बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनमध्ये कोंबल्या आणि काचेचं दार गुडघ्याने लावलं. सुरण जड, भोपळा त्याहून जड. अळूचं एक पान दारात अडकलं, तेही तिने बोटाने आत ढकललं. मग पदर खोचला, हात धुतले आणि स्वतःची भाजी चिरायला घेतली.

वाईट वाटलं का? छे! थोडी भीती वाटली, तीसुद्धा हॉलमध्ये मखरात बसलेल्या बाप्पाची. "तुला काय रे," ती मनात म्हणाली, "तू दोघींचंही खातोस."

ऋषीची भाजी म्हणजे बैलाच्या कष्टाचं त्यात काही नको. नांगर न लागलेलं, घरामागच्या परड्यात हाताने लावलेलं तेवढंच चालतं. गावाला हे सोपं होतं. बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावर परडं कुठून आणायचं? म्हणून राऊळांच्या घरात इतकी वर्षं अनुपमा मंडईतल्या चंदरकडून ऋषीचा वाटा आणायची. अळू, माठ, शिराळं, सुरण, भेंडी, मक्याचं कणीस, सगळ्याचं थोडं थोडं. त्याला नांगर लागला की ट्रॅक्टर, हे आपण विचारायचं नाही आणि चंदरने सांगायचं नाही. घरचा दुसरा नियम असा की नैवेद्य दाखवेपर्यंत रांधणारीशिवाय स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि रांधणारीनेही चव घ्यायची नाही.

त्या नियमानेच आज तिला हात दिला होता.

काल रात्री आरती झाल्यावर सासूबाईंनी, म्हणजे शांताबाईंनी, सगळ्यांसमोर निकाल दिला होता. "यंदा भाजी जान्हवीची, हात अनुपमाचो." सगळे वा वा म्हणाले. शांताबाईंना वाटलं, आपण तराजूचा काटा कसा सरळ धरला. अनुपमाला ऐकू आलं ते एवढंच, की राबायचं हिने आणि नाव व्हायचं तिचं.

तशी जान्हवी धाकटी जाऊ, मुलुंडला राहणारी. आधी अंधेरीच्या एका लॅबमध्ये भाज्यांचे नमुने तपासायची. कशावर काय फवारलंय, किती उरलंय. तिथून बाहेर पडली आणि वाडा तालुक्यातल्या चार शेतकऱ्यांना धरून बिनविषारी भाजी घरोघर द्यायला लागली. धंद्याला नाव काय ठेवलं? 'परडं'. सासूबाईंच्या तोंडचा शब्द! अनुपमा तो शब्द लग्न झाल्यापासून ऐकत आली होती, पण पिशवीवर छापावा असं तिच्या काही डोक्यात आलं नव्हतं. आता तिची स्वतःची लेक श्रुतिका कॉलेजातून आली की काकीसाठी मोबाइलवर व्हिडिओ करत बसायची. आईने दोन भांडी विसळायला सांगितली तर हिला असाइनमेंट असायची.

तेही अनुपमाने गिळलं असतं. गिळता आलं नव्हतं ते मागच्या दिवाळीतलं. सासऱ्यांचे, गुणाजींचे, हात कापायला लागले होते. फराळाच्या वेळी त्यांच्या हातातली वाटी सांडली तेव्हा जान्हवी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "परदेशी जाणारी भेंडी आमच्या लॅबमध्ये नापास झाली ना ताई, की ती कुठे जाते माहितेय? आपल्याच मंडईत. बाबांचे हात असे कापतात ते..." आणि थांबली. पुढचं बोललीच नाही. पुढचं अनुपमाने स्वतः पूर्ण केलं आणि त्या दिवसापासून रोज करत होती. म्हणजे मी? इतकी वर्षं या माणसाच्या पानात मी विष वाढलं?

डॉक्टर म्हणाले होते, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, वयाचंही असतं. नवरा सुबोधही म्हणाला, "सोड ना, ती बोलायला गेली एक नि झालं एक." पण दुसऱ्याच दिवसापासून अनुपमा भाजी मिठाच्या पाण्यात तासभर भिजवायला लागली. हळद घालून. कुणाला न सांगता, कारण सांगितलं की जान्हवीचं ऐकल्यासारखं होणार. मिठाने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. आजची भाजीही पहाटेपासून भिजत होती.

ती कणसाचे गोल तुकडे करायला लागली. आता बघूच, तिच्या मनात आलं. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली, वाड्याची चव वाड्याची चव म्हणून माना डोलावल्या, की मी म्हणणार, 'मंडईतली होती हो ही!' बस, एवढंच बोलायचं. मग बघू कुणाचं तोंड कसं होतं.

*

इकडे जान्हवी मखरासमोर दूर्वा निवडत बसली होती आणि तिचे कान स्वयंपाकघराकडे लागले होते.

विळीवर सुरण चिरल्याचा आवाज येत होता. माझं सुरण, ती मनात म्हणाली, आणि तिला उगाच बरं वाटलं. मग लगेच वाईटही वाटलं, कारण ते विळीवर दुसऱ्याच्या हाताखाली होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात तिला काय होता आलं होतं? पाहुणी. सणाला यायचं, सोफ्यावर बसायचं, 'तू राहू दे गं' ऐकायचं. ताईंना सगळं ठाऊक. सासूबाईंना गोळी कधी, बाबांना चहात साखर किती, गणपतीच्या उपरण्याची घडी कुठे ठेवलीय. घरात कुणीही काही शोधायला लागलं की आवाज एकच, 'अनुपमा!' आपल्या नावाने अशी हाक कुणी मारत नाही याचा जान्हवीला इतका राग यायचा, की कधी कधी मुलुंडला परत जाताना ती गाडीत नवऱ्याशी, सुशांतशी, उगाच भांडायची.

म्हणूनच तिने सुशांतच्या मागे लकडा लावला होता. आई-बाबांना आपल्याकडे न्यायचं. आपल्याकडे लिफ्ट आहे, हवा आहे, खायला स्वच्छ आहे. सुशांतने परवा विषय काढला, तेव्हा शांताबाई म्हणाल्या होत्या, "पंचमीचा जेवाण होवंदे, मग सांगतय." म्हणजे आज जेवणानंतर निकाल.

"आई, मी आत मदतीला जाऊ?" जान्हवीने विचारलं.

"नैवेद्याआधी? गप बस." शांताबाई म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "तुझी भाजी असा ना आत. मग तू आतच असंस."

हे वाक्य जान्हवीने तसंच्या तसं जपून ठेवलं.

*

नैवेद्य झाला, पानं वाढली. वरीचा भात, ताक, आणि मधोमध मोठ्या पातेल्यात ती भाजी. खोबऱ्याने पांढुरकी झालेली, आंबाड्याचा आंबट वास सुटलेला. अनुपमाने सगळ्यांना वाढलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

गुणाजींनी पहिला घास घेतला. गिरणी बंद पडल्यापासून हा माणूस फारसा बोलतच नसे. पण आज आई आठवल्यासारखे त्यांनी डोळे मिटले. "ह्येका म्हणतत भाजी," ते म्हणाले. "आवशीच्या हातची अशी लागायची."

"मग! विषाची चव नाहीये ना त्याला," सुशांत खूश होऊन म्हणाला. "बघ दादा, फरक कळतो की नाही?"

सुबोधला फरक कळला नव्हता. त्याला दरवर्षीसारखीच लागत होती. पण भावाचं मन कशाला मोडा, म्हणून तो "हो रे, झकास," म्हणाला आणि बायकोकडे बघायचं त्याने टाळलं.

"काकी, सुपर झालीय!" श्रुतिका म्हणाली. "आई, तू नेहमी करतेस त्यापेक्षा कितीतरी भारी."

हे मात्र अनुपमाच्या वर्मी बसलं. तिला हसायला यायला हवं होतं, ठरल्याप्रमाणे. पण मनात भलतंच आलं. अगं, नेहमीचीच आहे ती. तोच चंदर, तेच आंबाडे, तोच माझा हात. इतकी वर्षं जेवलात, ताटं उचललीत नि निघून गेलात. कुणी मेल्याने 'बरी झालीय' एवढं म्हटलं नाही. आज म्हणताय, तर दुसरीचं नाव घेऊन!

जान्हवीने कणसाचा तुकडा उचलला आणि तिचा हात तिथेच थांबला.

दाणे पिवळे होते. धमक पिवळे, गोड मक्याचे. तिने आणलेली कणसं गावठी होती, पांढरी. ती तिने स्वतः वाड्याला जाऊन निवडली होती, सालासकट पिशवीत घातली होती. तिने भाजीत बोटाने शोधलं. तिचा माठ लाल होता, इथे हिरवा. तिने मान वर केली. भिंतीला टेकलेली अनुपमा तिच्याचकडे बघत होती.

आता बोलायचं, जान्हवीला वाटलं. आत्ताच्या आत्ता.

"जान्हवी," शांताबाई म्हणाल्या, "माझ्या सुने, हात पुढे कर." आणि त्यांनी आपल्या पानातला खोबऱ्याचा घास उचलून तिच्या तळहातावर ठेवला. असं त्या कधीच कुणासाठी करत नसत. जान्हवीने तो घास तोंडात घातला आणि बोलायचं ते त्याच्याबरोबर गिळलं.

मग शांताबाईंनी ताटात हात धुतला. सुशांत सरसावून बसला.

"माझा ठरला," त्या म्हणाल्या. "विसर्जन झाला की मी नि हे मुलुंडाक जातव. हेंच्या हाताक ह्याच अन्न बरा. तोंडाक चव इली बघ आज हेंच्या. अनुपमा, राग मानू नको गो. तुझ्यावर काय नाय. पण खावचा ता तरी चांगला खाव."

अनुपमाच्या लक्षात आलं. आपणच रांधलेल्या भाजीने आपलंच घर रिकामं केलं होतं. आता सांगावं तर नैवेद्यात फसवलं म्हणून जन्माचं तोंड काळं. न सांगावं तर माणसं चालली. तिने जान्हवीकडे पाहिलं. तिला माहितेय. मघाशी कणीस कसं बघत होती! मग बोलत का नाही ही?

गुणाजींनाही बहुधा हा निकाल आधी ठाऊक नव्हता. त्यांचा ताकाचा पेला जोरात थरथरला आणि अर्धं ताक ते बसले होते त्या सोफ्याच्या पांढऱ्या चादरीवर सांडलं.

"असू दे आजोबा, असू दे," म्हणत श्रुतिकाने चादर ओढली. काकीसमोर तिला कामाचा उत्साह भारी. एका हातात चादर, एका हातात मोबाइल, अशी ती स्वयंपाकघरातून मागच्या बाल्कनीत गेली. मशीनचं दार उघडलं, आत काही पांढरे कपडे दिसले, त्यावर चादर कोंबली, पावडर ओतली आणि बटण दाबून आली. अनुपमाला हे दिसलंसुद्धा नाही. ती अजून सासूच्या तोंडाकडेच बघत होती.

"आई, पण तुम्ही," तिने सुरुवात केली, "तिथे तुम्हाला करमेल का? देवळाच्या बायका इथे, डॉक्टर इथे..."

"वहिनी, डॉक्टर काय मुलुंडला नाहीत?" सुशांत म्हणाला.

"तुला विचारलं नाही मी."

"अगं, तो साधं बोलतोय," सुबोध म्हणाला.

"तुम्ही तर बोलूच नका. झकास म्हणे! काय झकास? इतक्या वर्षांत एकदा तरी..."

धाड्.

बाल्कनीतून परत आवाज आला, धाड्, मग धाड् धाड्, आणि काहीतरी घरंगळल्यासारखं.

"वहिनी, मशीनमध्ये दगड धुताय काय?" सुशांत हसत म्हणाला.

अनुपमाला पिशव्या आठवल्या. ती धावली, पण जान्हवी स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसली होती, ती आधी पोचली.

काचेच्या दारामागे हिरवा फेस फिरत होता. त्यात भोपळ्याची एक नारिंगी फोड, माठाचा लाल रंग, आणि मधूनच काचेला येऊन चिकटणारी पांढरी पिशवी. तिच्यावर ठसठशीत अक्षरं, 'परडं'. पिशवी वर गेली, खाली आली, परत वर गेली.

आता सगळं घर बाल्कनीच्या दाराशी गोळा झालं. गुणाजीसुद्धा भिंत धरून आले. श्रुतिका कपाळाला हात लावून म्हणाली, "आई! हे काय? मी बघितलंच नाही आत!"

"बंद कर आधी ते," सुबोध ओरडला.

मशीन थांबलं. पाणी हिरवंगार, खाली साबणात लोळणारं सुरण. सुशांतने एकदा त्याच्याकडे आणि एकदा हॉलमधल्या पातेल्याकडे पाहिलं. "मग आपण खाल्लं ते काय?"

"मंडईतलं," अनुपमा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "चंदरकडचं. दरवर्षी आणते तेच. तेच खाऊन तुम्ही सगळ्यांनी मिटक्या मारल्या! काय तर म्हणे वाड्याची चव!"

"वहिनी, शरम वाटायला हवी. बाबांची तब्येत माहितेय, तरी..."

"तरी काय? बोल ना! तुझ्या बायकोने दिवाळीला अर्धंच सोडलं होतं, तू पुरं कर. बाबांचे हात माझ्यामुळे कापतात, असंच ना? पहाटे उठून मी मिठात भिजवते भाजी, हे बघ!" तिने दोन्ही हात पुढे केले. चिरा पडलेली, हळदीने पिवळी झालेली बोटं. "एक एक पान चोळते मी. कुणाला सांगितलं नाही. आणि आज, आज पहिल्यांदा या घरात माझ्या भाजीला कुणी चांगलं म्हटलं, तर ते हिच्या नावाने! मी काय करायला हवं होतं?"

तिला रडू फुटलं. सुबोधने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

शांताबाई जान्हवीकडे वळल्या. मशीनसमोर बसून ती आपली कणसं एक एक करून बाहेर काढत होती.

"तुका कळला नाय? तुझीच भाजी ना ती?"

जान्हवीने मान वर केली नाही. "कळलं."

"कधी?"

"पहिल्या घासाला. मका पिवळा होता."

"आणि बोललंस नाय?" शांताबाईंचा आवाज चढला. "बाजारचा विष, विष म्हणून वर्षभर आमचा डोक्या खाल्लंस. आज डोळ्यांदेखत हे खायत होते, आणि तू गप?"

"एका जेवणाने काही होत नाही, आई. आणि..." जान्हवीने हातातलं कणीस घट्ट धरलं. "सगळे मला चांगलं म्हणत होते. तुम्ही घास दिलात. मला कधी कुणी इथे..."

"बघा!" अनुपमा म्हणाली. "बघा हिचं! माझी भाजी घशाखाली घातली नि घासही घेतला!"

"आणि तुम्ही, ताई? लॅबमध्ये मी काय बघितलंय ते तुम्हाला माहिती नाही. मी खोटं नव्हते बोलत. भिजवलं की वरचं जातं, आत मुरलेलं जात नाही. पण बाबांबद्दल मी तसं बोलायला नको होतं. ते मी तुमच्यावर जळून बोलले. झालं समाधान?"

अनुपमाला खरंच वाटेना. जळून? हिच्याकडे लिफ्ट, धंदा, माझी लेकसुद्धा हिच्याकडे. आणि ही माझ्यावर जळते?

शांताबाईंनी खुर्ची मागवली आणि त्या बाल्कनीच्या दारातच बसल्या. गुडघे दुखत होते त्यांचे.

"तो चंदर भाजी विकता," त्या सावकाश बोलू लागल्या. "काय फवारल्यानी ता सांगणा नाय. आमी विचारणव नाय, तो सांगणा नाय. वाईट माणूस म्हणतलंस त्येका?" उत्तराची वाट न बघता त्या अनुपमाकडे वळल्या. "तू पानात वाढलंस. काय वाढलंस ता सांगलंस नाय." मग जान्हवीकडे. "तुका ठाऊक होता. तूही सांगलंस नाय. मगे चंदरात नि तुमच्यात फरक काय गो? तो परको तरी असा."

सुशांत मध्येच म्हणाला, "आई, पण ठरल्याप्रमाणे मुलुंडला..."

"खय जावचा नाय. हयच रवतलंव."

अनुपमाने झटकन मान वर केली. एवढ्या सगळ्यातही तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की जिंकले. माणसं राहिली. तिने चोरून जान्हवीकडे पाहिलंसुद्धा.

"पण आजपासून," शांताबाई म्हणाल्या, "माझा नि हेंचा मी रांधतलंय. भाजी मी आणतलंय, मी धुतलंय, मी वाढतलंय."

"आई! तुमचे गुडघे! उभं राहवत नाही तुम्हाला."

"बसान करीन."

"मी चुकले. पाया पडते तुमच्या. पण हे नका करू. माझ्या हातचं बंद नका करू."

"राग नाय गो माझो," शांताबाई म्हणाल्या, आणि तो खरंच नव्हता. तेच अनुपमाला सहन होईना. "फक्त आता घास उचलताना मनात येतला, ह्यात काय असात? ता माका नको."

गुणाजी कधीच हॉलमध्ये परतले होते. तिथून त्यांची हाक आली. नेहमीचीच, इतक्या वर्षांची.

"अनुपमा! भाजी वाढ गो वायच."

अनुपमाने डोळे पुसले आणि लगबगीने गेली. तिने पातेल्यातला डाव उचलला, भाजीत घातला. तेवढ्यात मागून शांताबाई आल्या, भिंत धरत, पाय ओढत. त्यांनी काही न बोलता सुनेच्या हातातून डाव काढून घेतला आणि नवऱ्याच्या वाटीत भाजी वाढली.

गुणाजींनी वाटी दोन्ही हातांनी धरली, तरी ती थरथरलीच.

"ब्येस झालीहा," ते खाता खाता म्हणाले. "कोणी केली?"

जान्हवी बाल्कनीच्या दारात उभी होती, हातातल्या कणसांवरून साबण ठिबकत होता. अनुपमा पातेल्याजवळ उभी होती, हात रिकामे. दोघींनीही शांताबाईंकडे पाहिलं.

"जेवा गप," शांताबाई म्हणाल्या.